धुऊ नये, झाकू नये

३ फेब्रुवारी
ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.
सोबत स्ट्रॉबेरीची टोपली धाडते आहे. शनिवारी तुझ्या पाहुण्यांनी नावाजली तर मळा आणि त्यालगतची माझी खोली राहील, नाहीतर जागा गॅरेजवाल्याला, असं तू म्हणालास. वाफ्यांत पेंढा अंथरून एकही फळ मातीला टेकू दिलेलं नाही. औषध मारलेलं नाही. फक्त आधीपासून धुऊन ठेवू नका. देठासकट ताटात एका थरात पसरा, झाकण न लावता फ्रिजमध्ये ठेवा, आणि वाढताना धुवा. नवऱ्याचं घर सोडल्यापासून सकाळी उठावंसं वाटतं ते या वाफ्यांमुळे. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, निदान शनिवारपर्यंत तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
फळं पोचली. रूपाने राजकन्या. पण तुझ्या वहिनीचं शुचित्व तुला ठाऊक आहे. न्हाऊ घातल्याशिवाय ती पाहुण्यालाही आत घेत नाही. शुक्रवारी सकाळीच तिने त्यांना पाण्यात बुडवलं, देठ उडवले आणि उंच स्टीलच्या डब्यात गच्च भरून झाकण लावलं. शनिवारी रात्री पाहिलं तर खालच्यांनी जलसमाधी घेतलेली, वरच्यांना पांढरी दाढी. मी तरीही वाढल्या. परीक्षा म्हणजे परीक्षा. डॉक्टरांनी चमचा ओठांपर्यंत नेला आणि त्यांना एकाएकी पथ्य आठवलं. गॅरेजवाल्यांनी विचारलं, हे खायचं की लावायचं? फार हसलो. निकाल तू समजून घेशीलच. पोरीच्या जातीने इतकं मनाला लावून घेऊ नये. प्रकृतीस जप.
तुझा दादा

१२ फेब्रुवारी
ती. दादास नमस्कार.
ओलं फळ रात्रभर कोंडलं तर त्याला बुरशी येणारच. हे मी लिहिलं होतं. परीक्षकांत गॅरेजवालाच बसणार आहे, हे तू लिहिलं नव्हतंस. दुसरी टोपली धाडते. या वेळी वहिनींना हात लावू देऊ नकोस, तू स्वतः ठेव. दादा, लहानपणी मी पडले की तू आधी हसायचास आणि मग उचलायचास. आता हसून झालं असेल, तर उचल.
तुझी धाकटी

१८ फेब्रुवारी
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
तुझ्या शास्त्राप्रमाणे सगळं केलं. कोरडी, देठासकट, पसरून. तिसऱ्या दिवशीही टवटवीत होती. आयत्या वेळी धुऊन काचेच्या वाट्यांत वाढली. गॅरेजवाल्यांनी दोनदा मागून घेतली आणि इतकी गोड स्ट्रॉबेरी जन्मात खाल्ली नव्हती, असं म्हणाले. तुझी विद्या निर्दोष आहे, हे मी चारचौघांत मान्य केलं. तेव्हा मनात किंतु ठेवू नकोस.
राहता राहिली जागा. खरेदीखतावर सह्या तुझी पहिली टोपली येण्याआधीच झाल्या होत्या. शनिवारचं जेवण त्याच आनंदाचं होतं. पण तू इतक्या उमेदीने लिहिलंस की तेव्हा ते सांगणं मला निर्दयपणाचं वाटलं.
सोमवारी त्यांचं यंत्र वाफे सपाट करायला येईल. खोली मात्र ते पाडणार नाहीत. जुने टायर ठेवायला बरी आहे म्हणतात. तू कुठे जाणार ते कळव. आशीर्वाद धाडायला काही पत्ता हवा.
तुझा दादा