पाठ टेकायची नाही

ता. ४
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. काम सोपं आहे. म्हाताऱ्या मालकांना आंघोळ घालायची आणि दोन वेळा पोथी वाचून दाखवायची. खोलीची खिडकी पूर्वेला आहे. पन्नाशीला देवाने सावली दिली म्हणायची. नवल एकच, घरात खाट नाही, गादी नाही. सगळे उंच पाठीच्या खुर्च्यांत बसून झोपतात. मालकांच्या धाकट्या बहिणीला सगळे ताई म्हणतात. त्यांनी सांगितलं, वहिनी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. तेव्हापासून या घरात कोणी पाठ टेकत नाही. ज्याचं मीठ खावं त्याचा नियम पाळावा.

ता. ९
बसलं की दम लागतो, उभं राहिलं की जास्तच. आज वाचताना पोथीतल्या ओळी पुसट झाल्या. कोणी नाही असं पाहून फरशीवर आडवा झालो, आणि बुजलेला झरा मोकळा व्हावा तसा श्वास आला. तेवढ्यात ताईंनी पाहिलं. म्हणाल्या, अहो, कामाला आलात की मरायला?

ता. १२
मालकांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मलाही पाहिलं. निजवलं की माझी नखं गुलाबी, बसवलं की निळी. ते म्हणाले, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असावं. उठलं की अशुद्ध रक्त त्यातून पलीकडे जातं. भोक बुजवता येतं. परवा गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाले, तोवर पडून राहा.
ते गेल्यावर ताई हसल्या. जगात दमेकऱ्यांना निजलं की धाप लागते, या महाराजांना बसलं की! आळसाला आता डॉक्टरी नाव मिळालं म्हणे.

ता. १३
फरशीवर पडलो होतो. ताईंनी स्वयंपाक्याला हाक मारली. दोघांनी उचलून खुर्चीत — छातीला पट्टा, कमरेला पट्टा. तुमच्याच जिवासाठी, म्हणाल्या. उजवा हात मोकळा ठेवलाय, जपासाठी. वही मांडीवर आहे. जप होत नाही, म्हणून लिहितो.

ता. १४
गाडी आली. दारात ताईंचा आवाज. तो गेला गावी, न सांगता. मी ओरडलो — तोंडातून नुसता वारा. गाडी गेली.

ता. १५
नखं जांभळी. समोर मालक. ताई आत गेल्यावर ते कुजबुजले, माझ्या बायकोलाही आडवं झालं की बरं वाटायचं. ती आडवी होऊन नाही गेली. तुमच्याच खुर्चीत — मेल्यावर आडवी केली.

ताई आल्या. उशी आणलीये. मान कलते म्हणून —

पट्टा आणखी एक भोक आत.

देवा, एकदाच आड