धावपट्टीवरचं पाऊल

मंगळवार, १२ मार्च १९७४

चार दिवस वही उघडली नाही, माफी असावी. पोरगा सदा त्याच्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला घेऊन गेलाय, तेव्हापासून हात चालत नाही.

आज ज्वारी वाळत घातली. दरसाल घालतो तिथंच, इंग्रजांनी लढाईत बांधलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर. विमानं गेली, सिमेंट गावाला राहिलं. ती बांधताना आम्ही दोघं नवराबायको घमेली वाहायला होतो. ही तेव्हा नवी नवरी. ओलं सिमेंट तिला सारवून वाळलेलं अंगण वाटलं, दिला पाय! मुकादम केवढा ओरडला. पण पाऊल राहिलं ते राहिलंच.

दरसाल तीच त्या पावलापासून ज्वारी पसरते. आज मी पसरली, आणि तेवढी जागा मोकळी सोडली. शेजारची कोंडाबाई म्हणाली, "आवं तात्या, हितं ज्वारी संपली व्हय?"

"पाऊल झाकावंसं वाटंना गं."

"येऊ दे काकूला, सांगते की! म्हातारा लई लाडात आलाय म्हून."

बायका हसल्या. मीही हसलो. पण झाकलं असतं तर काही वाईट झालं असतं का? उगाच मनात येतं. निघताना पावलात वाऱ्यानं दाणे आलेले दिसले, तेही वेचून काढले.

डोळ्यावरचं बांधलेलं काल सोडणार होते. सोडलं का? ज्वारी दोन दिवसांत वाळेल, पण तिच्याशिवाय पोत्यात भरवणार नाही. सदा, एक कार्ड टाक रे बाबा लवकर. आईला दिसतंय, एवढंच लिही.