सासूबाईंच्या फोनमधला व्हीपीएन

प्रिय ठमे,

तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं हे पाकीट बघून तू आधी भुवया उंचावशील, मग अक्षर ओळखशील आणि संदर्भग्रंथांच्या कपाटामागे जाऊन ते फोडशील, हे मला इथे बसून दिसतंय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुमच्या घरातून निघून मला सात महिने झाले आणि इतक्या दिवसांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. रागावली असलीस तर तो तुझा हक्क आहे. पण माझा ठावठिकाणा कळवायचा नाही, हे तूच बजावलं होतंस. तुझ्या दादाने विचारलं तर त्याच्या डोळ्यांत बघून ठाऊक नाही म्हणता यावं म्हणून. तुला खोटं बोलता येत नाही. पाच वाक्यं खोटी बोललीस की कान लाल होतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी बरी आहे, हे आधी सांगते. हॉस्पिटलचे पडदे आणि चादरी शिवायच्या कारखान्यात काम मिळालंय. दिवसभर हिरवंगार कापड, सरळ टिपा, आणि शेजारच्या मशिनवर एक विधवा बाई आहे, ती इतकी बोलते की माझी बॉबिन संपलेली मला कळत नाही. मुकादमीण कडक आहे, पण उसवायला लावताना आवाज चढवत नाही. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक टेबल, दोन खिडक्या, आणि दोन खाटा, कारण घरमालकिणीला दुसरी हलवायचा कंटाळा. रविवारी मी नऊपर्यंत झोपते.

तुमच्या घरातले रविवार आठवतात ना? तुझा दादा लोकांच्या दुकानांत कॅमेरे बसवतो, तेव्हा घरातही चार बसवले, त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण नंतर त्याने वायफायच्या डब्यातली यादी काढायला सुरुवात केली. दर रविवारी नाश्त्याला, चहाचा कप बाजूला सरकवून, तो माझी आठवड्याची यादी वाचायचा: कुठली साइट, कुठल्या वारी, किती वाजता. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. मंगळवारी चाळीस मिनिटं मी भाड्याच्या खोल्या का बघत होते, एवढंच अगदी गोडीत विचारायचा. सासूबाई खाली मान घालून बशी पुसत राहायच्या. तू उठून नळ सोडायचीस, जोरात. तेव्हा मला तुझा रागच यायचा, की ही नेमकी आत्ताच भांडी का घासते. पाण्याच्या आवाजात त्याला वाचता येऊ नये म्हणून, हे किती उशिरा माझ्या डोक्यात शिरलं!

मग मी शहाणपणा केला. कुठल्याशा जाहिरातीत बघून आपण इंटरनेटवर काय बघतो ते लपवणारा एक फुकटचा व्हीपीएन फोनवर घेतला. आणि नोंदणी कशावर केली? घरच्या मेलवर! वीजबिल, गॅस, तुझ्या दादाची गिऱ्हाइकं, सगळं ज्या एका मेलवर येतं आणि जो घरातले चौघंही उघडतात, त्यावर. आपल्या घरात स्वतःचा मेल असणं म्हणजे स्वतःची चूल मांडण्यासारखं होतं ना, मला दुसरं सुचलंच नाही. आता तुम्ही पूर्णपणे सुरक्षित आहात, असं अभिनंदनाचं पत्र त्या कंपनीने थेट तिथेच पाठवलं. मला ते आठवलं तेव्हा मी कामावर, त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कुणाच्या तरी कोटाचं अस्तर लावत होते. सुई बोटात गेली तरी कळलं नाही. धावत घरी आले, तर ते पत्र मेलमधून आधीच कुणीतरी पुसलेलं. तू मला फक्त इतकंच म्हणालीस, की उद्या तू तुझा कोट दुकानात दुरुस्तीला टाकतेस, आणि तो पोचवायच्या निमित्ताने मी वाचनालयात यावं. तुझ्या कोटाला काहीही झालेलं नव्हतं.

त्या दुपारी वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकापाशी तू जे शिकवलंस, ते मी इथल्या बायकांना आता तोऱ्यात शिकवते. व्हीपीएन म्हणजे काही अदृश्य व्हायची जादू नाही. घरच्या डब्याला मग फक्त एकच दार दिसतं, पलीकडचं दिसत नाही. पण ते दार ज्याच्या मालकीचं, त्याला सगळं दिसू शकतं. म्हणजे विश्वास कुठेतरी टाकावाच लागतो, तो कुणावर ते बघायचं. मालक कोण आहे हे तो उघड सांगतो का? फुकट देत असेल तर त्याचं पोट कशावर भरतं? आपण कुठे गेलो याची नोंद ठेवत नाही म्हणतो, ते बाहेरच्या कुणी तपासलंय का? जोडणी मध्येच तुटली तर इंटरनेटही आपोआप बंद होतं का? तू म्हणालीस, वाचनालयात पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंद तुम्ही पुसून टाकता. जे ठेवलेलंच नाही ते कुणी मागून मिळत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा सगळं नीट समजलं. फुकटचा तो उपद्व्याप तू काढलास, माझा फोन तासभर चाळलास, आणि त्यात चालू असलेलं माझं ठिकाण दादाला सांगणारं बटण मुद्दाम तसंच ठेवलंस, कारण ते बंद झालं असतं तर दादाचे कान टवकारले असते.

आणि तुझी खरी हुशारी तर पुढेच. एकट्या माझ्याच फोनवर व्हीपीएन दिसला असता तर रविवारी माझी धडगत नव्हती. म्हणून तू जेवताना वाचनालयातल्या कुण्या सभासदाचं बँकखातं कसं साफ झालं ते रंगवून सांगितलंस आणि तू नीट पारखून, वर्गणी भरून घेतलेला व्हीपीएन सगळ्यांच्या फोनवर घातलास. सासूबाईंच्या सुद्धा! त्यांना वाटलं, आता परदेशातल्या मालिका दिसणार. स्वतः सुरक्षेचा धंदा करणारा माणूस नाही कसं म्हणणार? उलट तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला, की आमच्या घरात सगळ्यांकडे आहे. तुझे कान त्या रात्री जेवणभर लाल होते. मी तुला मुद्दाम वाढत राहिले, त्याची नजर तुझ्याकडे जाऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी खोली शोधली, कारखान्याला अर्ज केला, घटस्फोटाबद्दल वकीलबाईंशी बोलले. यादीत काहीच सापडेना, तेव्हा रविवारचं वाचन आपोआप थांबलं. निघाले त्या दिवशी फोन दुकानाच्या खणात ठेवला आणि भर दुपारी बसमध्ये बसले. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या लेखी अस्तरं लावत होते. ठमे, माझ्या सख्ख्या माणसांनी मलाच नवऱ्याला सांभाळून घे म्हणून सांगितलं होतं. तू त्याची बहीण असून एकदाही मला कारण विचारलं नाहीस. तुझे उपकार मानते म्हटलं तर तू तोंड वाकडं करशील, पण मानते. रोज मानते.

आता हे पत्र का, ते. परवा कारखान्यातल्या फोनवरून, नंबर लपवून, मी सासूबाईंना फोन केला. राहवेना म्हणून. माझा आवाज ओळखताच त्या रडल्या आणि पहिलं काय विचारलं सांगू? ठमी नीट जेवते का, खोकला गेला का तिचा. मला काही उमगेना. मग हळूहळू कळलं, की व्हीपीएन कुणी आणि कशासाठी घातला हे दादाने शोधून काढलं, तू कबूल केलंस, आणि चार महिन्यांपासून तुला त्या घराचं दार बंद आहे. सासूबाई समजून चालल्यात, की तू माझ्याकडेच आलीस. तू कुठे झोपतेस, कुणाकडे जेवतेस, मला ठाऊक नाही, आणि कळवायला तुझ्याकडे माझा पत्ताही नव्हता. मी त्यांना म्हटलं, हो, इथेच आहे, दोन वेळा पोटभर जेवते. त्यांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी इतकं खोटं बोलले, ठमे, आणि ते मला खोटं राहू द्यायचं नाहीये. पुढच्या पानावर पत्ता लिहिला आहे. खिडकीकडची खाट तुझी. सामान बांध आणि ये.

कोर्टाचे कागद काहीही म्हणोत,
तुझीच वहिनी