शुक्रवारी आबा बोलत नाहीत

३ ऑगस्ट, रवि.
काल डॉक्टरांनी सांगून टाकलं. आबांच्या घशातली गाठ काढायची म्हणजे स्वरयंत्रच काढावं लागणार. १९ ला ऑप. नंतर बोलता येईल का विचारलं, तर "बघू." आबांनी विचारलं काय, तर मच्छी कधीपासून खायची!
घरी आलो तर दारात मंडळाचा नीलेश. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार आहे. "काकू, आबांची दोन मिनिटांची शौर्यकथा लिहून द्या ना. किती जणांना उडवलं वगैरे."
उडवलं वगैरे. म्हटलं, बघते.
पण खरं सांगायचं तर सासऱ्यांनी फौजेत काय केलं ते मलाच माहीत नाही. एकाहत्तरला होते, एवढंच. इतकी वर्षं एका घरात राहून एवढंच! आता आवाज जायच्या आत फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलंय.

८ ऑगस्ट, शुक्र.
या शुक्रवारसाठीच थांबले होते. खाली यंत्रमागाचा कारखाना, आमचे बारा लूम, वर आम्ही. निम्म्या नारपोलीचं असंच. एरवी खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अर्धं ओठांवरून ओळखायचं. शुक्रवारी सुट्टी, सगळं चिडीचूप. पंखा बंद केला, कुकर लावला नाही, फोन आबांसमोर उशीवर ठेवला.
"आबा, फौजेतलं सांगा ना."
"काय सांगू? होतो फौजेत."
"लढाईत काय करायचात?"
"ड्युटी."
घाम गाळत दीड तास बसले. ड्युटी, चहा आणि शेवटी "मना झोप आली." शुक्रवारी असेच असतात, तोंड शिवल्यासारखे. लूम बंद म्हणून करमत नसेल असं आम्ही समजतो.
हे म्हणाले, "नाही सांगायचं तर सोड ना." ह्यांचे वडील, आणि जीव खालीवर होतोय माझा.

११ ऑगस्ट, सोम.
चहा द्यायला खाली गेले तर काय बघते! कारखाना धडधडतोय आणि आबा आमचे जुने कारागीर मुख्तारभाई ह्यांच्या लूमशेजारी स्टुलावर बसून घडाघडा बोलतायत. हातवारे काय, मधेच डोळे पुसणं काय. मुख्तारभाई धोट्यावर नजर ठेवून मान हलवतायत. मला बघितलं आणि आबा गप्प.
शिफ्ट संपल्यावर मु.भाईंना जिन्यात गाठलं. चाचा क्या बोलते हैं?
"भाभी, सच बोलूँ? इतने साल में एक लफ्ज नहीं सुना. मशीन के आवाज में क्या सुनाई देगा? मैं बस गर्दन हिलाता हूँ. चाचा को अच्छा लगता है."
हसू की रडू तेच कळेना.
संध्याकाळी स्टुलाखाली फोन चालू करून ठेवला. चाळीस मिनिटं खटखट, खटखट, खटखट. आबांचं एक अक्षर नाही. चिडून डिलीट करणार होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. राहिलं ते तसंच.

१३ ऑगस्ट, बुध.
आज सरळ खाली गेले आणि सुताच्या कांड्यांची पेटी ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बोला. आवाज चालू आहे, मी हलणार नाही. आधी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग बोलायला लागले. अर्धं कानाला लागलं, अर्धं ओठांवरून वाचलं. आत्ताच लिहिते, नाहीतर विसरेन.
लढाई संपल्यावर आबांचा पहारा कैद्यांच्या छावणीवर होता. आत सीमेपलीकडचा एक कैदी, विणकर. घोंगडीचे दोरे उसवायचा आणि तुटलेला धागा कसा सांधायचा ते कुंपणाच्या तारेआडून आबांना शिकवायचा. दिवसभर गावच्या लूमचं सांगायचा. "फौज तो छूट जाएगी, भाई. तब चार लूम डाल लेना."
आबा फौजेतून सुटून आले. सगळे म्हणाले, खाडीकडचं शेत बघ. आबांनी पेन्शनच्या पैशात चार लूम टाकले. चाराचे बारा झाले. हे घर, आमचं लग्न, पोरीचं कॉलेज, माझ्या हातातल्या बांगड्या, सगळं त्या माणसाच्या सांगण्यावरून!
"मग कधी बोलला का नाहीत?"
"कुनाला बोलू? शत्रू ना तो. लोकं मना शाल घालतात, आन् मी सांगू का, माझा पोट त्याच्या अकलेवर भरला? हितं आवाजात बरा हाय. बोलला पन जातो, आन् कोन ऐकत न्हाय."
मग म्हणाले, "त्याला शाबास बोलाचा राह्यला. निघाला तवा मी नुसता दरवाजा उघडला."
नाव काय त्याचं, मी विचारलं. तोंड उघडलं त्यांनी, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. बाराच्या बारा लूम बंद. आबांचं तोंडही बंद. लाईट रात्री नऊला आली, तोवर ते झोपले होते. या लाईटवाल्यांना काय म्हणावं!

१४ ऑगस्ट, गुरु.
काल रात्री ह्यांना सगळं सांगितलं. आधी उठून दार लावलं. मग, "बाहेर एक शब्द बोलू नकोस. लोक काय म्हणतील? परवा सत्कार आहे." वर आणखी, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" ते मी काय सांगू!
आबा दिवसभर तपासण्यांना बाहेर. नाव राहिलंच.

१५ ऑगस्ट, शुक्र.
धामणकर नाक्यावर बॅनर. नीलेश डोक्यापासून पायापर्यंत, आबा कोपऱ्यात. त्यात आबासुद्धा आबा नाहीत, बंदूकवाला कुठला तरी देखणा जवान. विचारलं तर म्हणे, "काकू, आबांच्या फोटोत जोश नव्हता."
शौर्यकथा मी दिलीच नाही. नीलेशने स्वतःच रचून वाचली. शाल, नारळ, टाळ्या. आबांच्या हातात माईक दिला. माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "मंडळाचा आभारी हाय." बसले.
मग डीजे सुरू झाला. छाती हादरेल असा आवाज. आबा एकदम माझ्या कानाशी वाकले, ओठ हलायला लागले... आणि नीलेशने दंडाला धरून त्यांना सेल्फीला ओढलं. त्याच्या डोक्यात तोच नारळ फोडावासा वाटला.

१७ ऑगस्ट, रवि.
कालपासून आबा ॲडमिट, ठाण्याला. काल जाताना कशेळीला ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा भोवती हॉर्नच हॉर्न. म्हटलं, आबा, आता बोला. पण पुढच्या सीटवर हे होते. आबा खिडकीबाहेर बघत बसले.

१९ ऑगस्ट, मंगळ.
वॉर्डात इतकी शांतता की सलाईनचा थेंब ऐकू यावा. आबा छताकडे बघत पडलेले. थोड्या वेळात नेणार. मी विचारते, ते मान फिरवतात. एवढा राग आला! आबांवर नाही, या शांततेवर.
मग एकदम आठवलं. ती चाळीस मिनिटं फोनमध्ये होती. फुल आवाज करून फोन उशीला टेकवला. खटखट, खटखट.
आबांनी डोळे मिटले. ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला. नाव सांगितलं. मला नीट कळावं म्हणून परत सांगितलं. मग त्याचं गाव. मग त्याची मुलगी, तिचं...
सिस्टर धावत आल्या. "अहो, काय लावलंय हे? बाकीचे पेशंट आहेत." म्हटलं, पाच मिनिटं द्या हो, ते बोलतायत. तोवर स्ट्रेचर आलंच. आबांनी माझ्याकडे बघून दोन्ही हातांच्या बोटांनी धागा सांधल्यासारखं केलं. आत नेलं.

दुपार झाली. बाहेर कोणी आलेलं नाही, डॉ. नाहीत, सिस्टर नाहीत. मी आणि हे बाकड्यावर. आत्ता ह्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "नाव काय सांगितलं आबांनी?"
मी फोनचा आवाज पुन्हा वाढवला आणि मग सांगितलं.