पटावरचं नाव

परभणी,
१२ ऑक्टोबर १९९२

ती. किशनराव गुरुजींना वैजीनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघा दुखतो म्हणता आणि सोनपेठचा बाजार काही सोडत नाही. आता काकूंनीच तुमची हजेरी घ्यावी. मी बरा आहे. लॉ कॉलेजात तास घेतो, उरलेल्या वेळात एलएल.एम.चा प्रबंध लिहितो. विद्यापीठाच्या नावाचा वाद मिटेना, म्हणून मुखपृष्ठ तेवढं टाइप करायचं ठेवलंय.

विषय तुम्हाला माहीत आहे: शाळेनं विद्यार्थ्याचं नाव पटावरून काढणं. चोरालासुद्धा शिक्षेआधी बोलू देतात, मग मुलाला का नाही, एवढंच माझं म्हणणं. तिसऱ्या प्रकरणात एक उदाहरण दिलं होतं. १९७८ साल, ऊसतोडीला गेलेल्या घरातली सातवीची मुलगी, 'म्हणणे ऐकून न घेता नाव कमी केले'. मार्गदर्शक सर खूश झाले. तुम्ही ओळखलंच असेल, ती माझी बहीण कोकिळा.

कार्डात तुम्ही विचारलंत, कोकिळा बाजारात तुम्हाला पाहून रस्ता का बदलते? त्याचंच उत्तर लिहायला बसलोय.

दिवाळीआधी मुकादमाच्या टोळ्या निघायच्या, तेव्हा तुम्ही व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसायचात. जाणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचात, "नाव ठिवू का काढू?" असं विचारणं कुठल्याच नियमात नव्हतं. साहेब तपासणीला आले असते तर तुमच्यावरच शेकलं असतं.

त्या दिवशी कोकिळा बैलांना पाणी पाजायला गेली होती. आमच्या वडिलांनी, बापूंनी, मला निरोप दिला होता, "दोघं बी मार्चात परीक्षेला येतेत, नावं काढू नका म्हनावं गुर्जीला."

माझं ठेवा, म्हणालो.

"आन् कोकिळाचं?"

"काढा. ती न्हाई येनार."

तुम्ही लेखणी धरून थांबलात. "बापूच म्हनले का?"

मी हो म्हणालो.

दर वर्षी ती पहिली यायची आणि मी दुसरा. मला तिचा हेवा वाटायचा. दुसरं कारण पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मार्चमध्ये आम्ही परतलो, तोवर परीक्षेचे अर्ज जाऊन बसले होते. तिला वाटलं, नाव तुम्ही काढलं; तुम्हाला वाटलं, बापूंनी काढायला लावलं. मी दोघांनाही तसंच वाटू दिलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

काटेकोर बोलायचं तर प्रबंधातलं माझं वाक्य खरंही ठरेल. तिला स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं. वकील असल्या फटीतून अलगद निसटतो. मला निसटायचं नाही, गुरुजी. ते पान मी प्रबंधातून काढलंय.

दिवाळीनंतर कोकिळा पुन्हा तोडीला निघतेय, चौथीतल्या लेकीला, सुमनला घेऊन. रविवारी मी तिच्याकडे जातोय. आधी हे सगळं सांगेन, मग सुमनला माझ्याकडे शाळेत ठेवतेस का म्हणून विचारेन. तिनं दारातूनच हाकललं तरी तिचं चुकणार नाही.

पुढच्या बाजारात ती रस्ता ओलांडून तुमच्याकडे आली, तर तिला बोलू द्या. माझी बाजू मांडू नका.

तुम्ही ज्याचं नाव ठेवलंत तो,
वैजीनाथ