पोस्टमनच्या हातात रोख

८ फेब्रु. २००५, मंगळ. वोल्फ्सबुर्ग, जर्मनी.
कॉम्प्युटर मेला. सकाळी ऑन केला तर फट् आवाज आणि जळका वास. उघडून बघितलं. पॉवर सप्लाय गेलाय, मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगलेत. पुण्याहून साड्यांत गुंडाळून आणला होता. हार्ड डिस्क वाचली असावी. एम.ई.चा प्रोजेक्ट तिच्यावरच आहे, आणि पानसे सरांनी मार्चअखेरची शेवटची मुदत दिलीय. लग्नाच्या गडबडीत एकदा सुटलंय, आता सुटलं तर कायमचं.
नितीन म्हणाला, "माझा लॅपटॉप घे की शनिवार-रविवार." ऑफिसचा आहे, त्यावर काही इन्स्टॉल करता येत नाही. नवऱ्याला हे माहीत नाही असं नाही.

१२ फेब्रु., शनि.
असला जुना बोर्ड गावातल्या दुकानात नाही. नेटवर सापडला, पॉवर सप्लायही. पैसे कसे भरायचे, इथे घोडं अडलं. क्रेडिट कार्ड नि.चं. "नेटवर नंबर द्यायचा नाही." लास्टश्रिफ्ट म्हणजे दुकानच खात्यातून पैसे काढून घेणार. "छे." बिल नंतर भरायची सोय फक्त जुन्या गिऱ्हाइकांना. शेवटी फोरकासे, म्हणजे आधी बँकेतून पैसे पाठवा, मग माल. त्यावर थोडी सूटही आहे. "पण दुकान कसं आहे ते वाचू दे आधी. घाई काय आहे?"
घाई काय आहे. भांडी घासायला उठले.

१९ फेब्रु., शनि.
नि. म्हणाला, "आल्झो, तर मग पुढच्या शनिवारी नक्की."
सासूबाईंचा फोन. नि. त्यांना सांगत होता, "अगं आई, तिला टाइमपास हवा असतो." मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. राग नाही आला. वाईट वाटलं, फार.

२१ फेब्रु., सोम.
बसने लायब्ररीत जाऊन ऑर्डर केली. नाखनामे. खातं लागत नाही, पोस्टमनला दारात रोख द्यायचे. फी जास्त, असू दे. माझ्या नावावर इथे खातं नाहीच. बाबांनी विमानतळावर "अडीनडीला ठेव" म्हणून दिलेलं पाकीट आहे.
पोस्टमन पासपोर्ट मागतो असं वाचलं, म्हणून नाव पासपोर्टवरचंच टाकलं. मेधा गुर्जर, माहेरचं. किती महिन्यांनी टाइप केलं. बरं वाटलं.
नि.ला सांगितलं नाही.

२४ फेब्रु., गुरु.
आंघोळ लवकर उरकली. पाकीट बुटांच्या कपाटावर. पार्सलची गाडी आली, थांबली, गेली. बेल नाही. आपलं नसेल.

२८ फेब्रु., सोम.
लायब्ररीत मेल बघितली. पार्सल परत गेलं. या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही म्हणे. गुरुवारी दिवसभर घरात होते मी.
घरी येऊन खालची बेल बघितली. नुसतं सबनीस. इथे बेलवर नाव नसलं की माणूस नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचू नये. मेधाबाई, धन्य आहे तुमची.
तळमजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर जिन्यात भेटल्या. पोस्टमनने त्यांना विचारलं होतं. "गेनाऊ, बरोबर, मीच सांगितलं, गुर्जर म्हणून इथे कोणी नाही. आख, त्या तुम्ही होय? मला वाटलं तुम्ही फ्राऊ सबनीस." त्यांचं काय चुकलं? बिचाऱ्या सारखं सॉरी म्हणत होत्या. वर येऊन रडले.

२ मार्च, बुध.
दुकानाचं उत्तर. पार्सल एकदा परत आलेल्यांना नाखनामे नाही, फक्त फोरकासे. बुडत्याचा पाय खोलात.
जेवताना नि.ला सगळं सांगितलं.
"मला न विचारता?"
मग थोड्या वेळाने, "आणि गुर्जर कशाला?"
पासपोर्टचं सांगितलं.
"लोकांना वाटेल आपलं लग्न झालेलं नाही. फोरकासे मी करणारच होतो ना."
करणारच होता. आमटी गार झाली, तशीच खाल्ली.

३ मार्च, गुरु.
बँकेत गेले. खातं नसलं तरी काउंटरवर दुकानाच्या खात्यात रोख भरता येते, फी घेतात. बाईने पासपोर्ट बघितला, नाव लिहिलं, शिक्का मारला. काही विचारलं नाही. आता दुकानाने बुडवलं तर बाबांचे पैसेही गेले आणि प्रोजेक्टही.
घरी येऊन कागदाची पट्टी कापली, रोमन अक्षरांत गुर्जर लिहिलं, बेलपाशी सबनीसच्या खाली सेलोटेपने चिकटवली. वाकडी लागली.
संध्याकाळी नि. तिथूनच वर आला. चहा छान झालाय म्हणाला.

८ मार्च, मंगळ.
लायब्ररीत मेल. पार्सल निघालं, उद्या येईल. जोडाजोडीला एक दिवस, मग रोज बसले तर होईल. होईल का?
परत आले तर बेलवर पट्टी नाही. टेपचा तुकडा तेवढा उरलाय. सकाळपासून वारा होता, हे खरं. नि. माझ्यानंतर घरातून निघाला, हेही खरं.
जेवताना तो समोरच होता. तोंडापर्यंत आलं होतं. विचारलं तर उत्तर कळेल, आणि मग त्या उत्तराबरोबर इथेच राहायचं आहे. भात वाढला.
नवी पट्टी लिहिलीय, जाड पेनने. आत्ता लावत नाही. सकाळी नि. ऑफिसला गेला की लावीन, आणि गाडी येईपर्यंत खालीच उभी राहीन.