धरणाऱ्याचा शब्द शेवटचा

हे लिहून ठेवणार मी, घडीच्या शिड्यांच्या कारखान्याची मालकीण, घरात आणि कारखान्यात थोरली म्हणून ओळखली जाणारी. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण सातवी, पुढचे सगळे गिऱ्हाइकांनी शिकवले. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि तो खरा आहे ना, असे मी त्यांना तीनदा विचारले आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही, धाक नाही. धाक आहे तो येत्या गुरुवारचा. त्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या पंच्याण्णव जणी चालत घरी जातात. मी विचारले, उरलेल्या पाच जणींनी काय चूक केली होती? ते हसले. मी हसले नाही.

म्हणून आज सोमवारी बसून लिहायला घेतले आहे. याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. याआधी केलेलेच नाही, पण वकील म्हणाले हे वाक्य घालावे लागते.

कलम एक. राहते घर मुलाला द्यावे. मात्र गॅलरीचा कठडा उजव्या टोकाला हलतो. आधी तो पक्का करावा, मग घर नावावर करून घ्यावे. क्रम उलटा करू नये. मी त्याला ओळखते. नावावर झाले की कठडा राहूनच जाईल.

कलम दोन. बँकेतल्या बचतीतून आधी दवाखान्याचे भागवावे. उरेल ते शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी ठेवावे. याचे कारण घरातल्यांना ठाऊक आहे, तरी लिहिते. माझे यजमान रंगारी होते. एका दुपारी दुसऱ्या मजल्याची भिंत रंगवताना लाकडी शिडी सरकली. खाली धरायला कुणी नव्हते, कारण धरायला माणूस लावला की काम महाग पडते. कंबर मोडली. नंतर बारा वर्षे ते स्टुलावर बसून जगले. घरात दोन पोरे, माझा मुलगा आणि माझ्या धाकट्या जावेची, म्हणजे धाकटीची मुलगी, आणि आम्ही दोघी जावा. धाकटे दीर ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचे. त्यांच्याकडच्या उरलेल्या नळ्यांपासून आमची पहिली शिडी झाली. लोक म्हणाले, जावाजावा एका चुलीवर टिकत नाहीत, एका धंद्यात काय टिकणार. आम्ही टिकलो. पुढे काय झाले ते पाचव्या कलमात आहे. तिथे पोहोचायला मला वेळ लागतोय, एवढे समजून घ्यावे.

कलम तीन. रिव्हेट मारायचे जुने यंत्र, कानशी, दोन्ही हातोड्या आणि यजमानांचे स्टूल पुतणीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावे. आमची शिडी उघडली की मधला खटका बसतो आणि 'टक्' असा आवाज येतो. यजमान त्या स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि शंभर शिड्यांतून कच्चा आवाज बरोबर काढून द्यायचे. तो कान माझ्या मुलाला आला नाही, पुतणीला आला. रक्ताचे नियम मला कळत नाहीत, पण कारखान्याचे कळतात.

कलम चार. पहिली शिडी, जी ऑफिसात काचेमागे उभी आहे, ती मुलाला. काच काढून द्यावी. शिडी काय लोणचे आहे, बरणीत ठेवायला?

तिच्यासोबत एक गोष्टही देते, कारण हा मुलगा हल्ली व्यासपीठावर उभा राहून नव्या धंदेवाल्यांना सांगतो की विचार मोठे ठेवा, भीती काढून टाका, जग तुमचे आहे. त्याचे बोलणे मला आवडते. माझाच मुलगा आहे, ऐकताना कधी कधी मीसुद्धा भीती काढून ठेवते आणि घरी येताना परत उचलते. पण त्याने हे लक्षात ठेवावे. पहिल्या वर्षी मी अकरा ठिकाणी माल दाखवायला गेले. घरी कपाटापुढे उभी राहून पाठ केलेले घडाघडा बोलले. नळीची जाडी, वजन, हमी. अकराही ठिकाणी चहा मिळाला, ऑर्डर मिळाली नाही. बारावे ठिकाण एक मोठे ग्रंथालय होते. जिन्यावरून शिडी चढवताना धाकटी मागून म्हणाली, "ताई, आज सांगू नका. चढा."

मी चढले. सगळ्यात वरच्या कप्प्यातले पुस्तक काढले आणि वरूनच म्हटले, "सोड." तिने खालचे दोन्ही हात काढले आणि दोन पावले मागे सरली. मी वर उभी, शिडी जागच्या जागी. ग्रंथपाल कागदावरून मान वर करून बघत राहिले. सहा शिड्या तिथेच विकल्या गेल्या. त्यानंतर सतरा वर्षे आम्ही हेच केले. मी चढायची, ती धरायची, मी 'सोड' म्हणायची, ती सोडायची. लोकांना वाटायचे, वर आहे ती धंदा चालवते.

कलम पाच. कारखाना.

इथे मी दोनदा उठून गॅस बंद आहे का पाहून आले. बंद होता.

एकोणीस वर्षांपूर्वी एका बड्या कंपनीने आम्हाला बोलावले. तिच्या सगळ्या गोदामांना शिड्या हव्या होत्या. काचेचे टेबल, पलीकडे सात माणसे. आम्हाला उशीर झाला होता. धाकटी नेहमीप्रमाणे शिडी आडवी घालून एकेक खटका तपासायला बसली, तर मी तिला दारातच म्हटले की आज हे पुरे, लोक घड्याळ बघताहेत. शिडी उभी केली आणि चढले. चढता चढता बोलत होते. वर जाऊन म्हटले, "सोड."

ती म्हणाली, "नाही."

मी हसत हसत पुन्हा म्हटले. ती म्हणाली, "मी सोडणार नाही, ताई. आधी खाली या."

सातांपैकी एकजण म्हणाला की बाई, तुमच्याच घरच्या माणसाचा तुमच्या मालावर भरवसा नाही, मग आम्ही कसा ठेवायचा? बाकीचे हसले. मी उतरले तेव्हा तिची बोटे नळीवर पांढरी पडली होती. ते मी पाहिले होते. पाहूनही बाहेरच्या व्हरांड्यात तिला म्हटले, "भित्री आहेस तू. तुझ्या भीतीने आज घर बुडवलं." तिने कमरेला खोचलेले कामाचे हातमोजे काढले, दारापाशी बसलेल्या कंपनीच्या मुलीच्या टेबलावर ठेवले आणि जिन्याने निघून गेली. पुढच्या आठवड्यात भागीदारी सोडल्याच्या कागदावर तिची सही मीच आणवली.

ऑर्डर तर गेलीच होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी ती शिडी उघडली. डाव्या खटक्याची पिन अर्धी तुटलेली होती. खटका बसलाच नव्हता. 'टक्' झालेच नव्हते. धाकटीने ते ऐकले होते, म्हणजे न आलेला आवाज तिने ऐकला होता. मला ऐकू आला नाही, कारण मी बोलत होते. तिने हात सोडला असता तर यजमानांसारखी मीही स्टुलावर बसले असते, किंवा तेवढीही उरले नसते.

ती पिन मी काडेपेटीत घालून कपाटात ठेवली. आणि कारखान्यात, नात्यात, बाजारात सगळीकडे सांगितले की धाकटी घाबरली म्हणून ऑर्डर गेली. सांगायला मी पटाईत होतेच. आठ वर्षांपूर्वी पुतणी कामाला आली, तेव्हा तिच्यासमोरही हीच गोष्ट सांगितली. पोर मान खाली घालून रिव्हेट मोजत होती.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवसापासून बदलली. नियम केला की खाली धरणारा नाही म्हणाला, तर वर कितीही मोठा माणूस असो, त्याने उतरायचे. 'धरणाऱ्याचा शब्द शेवटचा' हे वाक्य कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे आणि खाली माझे नाव आहे. मुलगा ते व्यासपीठावर सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. ते वाक्य माझे नाही. माझे नाव तिथून खरवडून काढावे. पांढरा रंग फासून भागवू नये, खालचे दिसत राहते.

हे आत्ताच का लिहिते, तेही सांगते. पुढच्या महिन्यात तशीच मोठी ऑर्डर आहे. मुलाला नव्या खटक्याची शिडी दाखवायची आहे, तीही एकट्याने, मागे पडद्यावर चित्रे लावून. पुतणी म्हणते खटका अजून कच्चा आहे, आवाज बरोबर येत नाही, थांब. गेल्या शनिवारी जेवायच्या सुट्टीत मी दाराशी उभी असताना मुलगा तिला म्हणाला, "तू भित्री आहेस, आईवर गेलीस." माझ्या छातीत कळ आली ती तेव्हा. झडपेचे दुखणे जुने आहे, पण ती कळ झडपेची नव्हती.

म्हणून कारखान्याचा अर्धा हिस्सा मुलाला आणि अर्धा धाकटीला. माल दाखवायला कुठेही एकट्याने जाऊ नये. मुलाने चढावे, पुतणीने धरावे. ती नाही म्हणाली तर त्याने उतरावे आणि उतरताना तोंड वाकडे करू नये. ही अट मोडेल त्या दिवशी मुलाचा अर्धा हिस्सा पुतणीचा व्हावा. वकील म्हणाले ही अट कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही. मी म्हटले, कोर्टात नाही, घरात टिकली की झाले.

कलम सहा. माझी काळजी. ती कुणी घ्यायला तयार नाही, पण ती दिल्याशिवाय मी जाऊ शकत नाही. मुलाला वाटते भीती म्हणजे पायातली बेडी. बाळा, भीती हा आपला पहारेकरी आहे, जागा आहे म्हणून ओरडतो. त्याला मालक करू नये, पण हाकलूही नये. माझी निम्मी काळजी तुला. तुझ्याकडे अजिबात नाही म्हणून. पुतणीला द्यायची गरज नाही, तिची तिला पुरते.

कलम सात, मंगळवार. काल मी लिहिले होते की काडेपेटी माझ्या पश्चात धाकटीला द्यावी. आज वाचले आणि स्वतःची लाज वाटली. गेल्यावर कबुली द्यायची म्हणजे हिशेब चुकवून गाडीत बसण्यासारखे. ते वाक्य खोडले आहे. पुतणीला बोलावून सगळे तोंडाने सांगितले आणि काडेपेटी हातात दिली.

तिने काडेपेटी उघडून पिन पाहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही चुकलात असं आई कधीच बोलली नाही. एवढंच म्हणायची, टक् ऐकल्याशिवाय हात सोडू नकोस." आणि गेली. जाताना दार ओढून घेतले. आपटले असते तर बरे वाटले असते.

मुलानेही पाचवे कलम वाचले. दोन तास बोलला नाही, ही त्याच्या बाबतीत बातमी आहे. मग चुलत बहिणीला फोन करून विचारले की खटक्याला अजून किती दिवस लागतील. ती काय म्हणाली ते मला कळले नाही. त्याने कॅलेंडरवर काहीतरी खोडले, एवढे पाहिले.

कलम आठ, बुधवार, वकिलांसमोर हाताने वाढवलेले. दोन साक्षीदार ठरले होते, डॉक्टर आणि समोरचा रंगाचा दुकानदार. डॉक्टर आले. दुकानदाराची वाट बघत असताना दारात धाकटी उभी. एकोणीस वर्षांत केस सगळे पांढरे झाले आहेत. तिने काडेपेटी टेबलावर ठेवली.

"हे मला कशाला? मला माहीतच होतं."

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?

"तुम्ही विचारलंत कधी, ताई? तुम्ही सांगतच होतात."

मी मृत्युपत्र तिच्यापुढे सरकवले.

तिने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सगळे मृत्युपत्र वाचले. माझी छाती इतकी धडधडत होती की डॉक्टर उगाचच माझ्याकडे बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाली की हिस्सा तिला नको, पोरीच्या नावाने करा, हात पोरीचा आहे तिथे. मी नको नको म्हटले. तिने ऐकले नाही. ती 'नाही' म्हणाली की काय करायचे, ते मीच भिंतीवर लिहून ठेवले आहे. म्हणून पाचव्या कलमातला धाकटीचा अर्धा हिस्सा पुतणीला द्यावा.

वकील म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पण आता यांना स्वतःला काहीच मिळत नाही, तेव्हा दुकानदाराची वाट बघायची गरज नाही. धाकटीने पेन मागितले.

मी विचारले, "म्हणजे मला माफ केलंस?"

ती म्हणाली, "ते नंतर बघू. उद्या किती वाजता नेणार आहेत?"

सात वाजता, मी म्हटले.

"साडेसहाला येते."

सही करण्याआधी तिने टेबल हलवून पाहिले. एक पाय आखूड निघाला. काडेपेटी रिकामी करून तिने पायाखाली सरकवली, पुन्हा हलवून पाहिले आणि मगच कागद माझ्यापुढे ठेवला. पिन तिच्या मुठीत आहे.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि त्यातला शब्दन्‌शब्द माझा आहे. फक्त भिंतीवरचा तिचा.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: अठरा, बुधवार, सकाळी पावणेबारा.

लिहून देणार: थोरली. (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (सही) माझ्या मते लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. (सही) ताईंनी माझ्यासमोर सही केली. कागद मी धरला होता. अजून सोडलेला नाही.